साडेचार फुटांचं हसू

ऑपरेटरच्या खिडकीतून : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी सुरुवातीच्या बोलपटांबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या, तर पत्रांचा ढीग पडला. ढीग म्हणजे अकरा. या सदराला एवढ्याची सवय नाही. त्यातली चार घेतो. उरलेल्यांपैकी तिघांनी माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्यात, त्या मान्य.

प्रश्न : काका, इन्ग्रिड बर्गमन माझी आवडती नटी. ‘कॅसाब्लांका’ चार वेळा बघून झाला, म्हणून तिचा पहिला सिनेमा शोधून काढला. १९३५ चा स्वीडिश विनोदी सिनेमा, ‘मुंकब्रूग्रेवेन’. इंग्रजी सबटायटल लावून, कानात इयरफोन घालून मोबाईलवर पाहिला. एकदाही हसू आलं नाही! माणसं काहीतरी बोलतात आणि नुसती थांबतात. एकमेकांकडं बघत बसतात, पुढचं वाक्य विसरल्यासारखी. बाबा म्हणाले, जुने सिनेमे असेच संथ. खरंच का?
*(एक कॉलेजकन्या, जुळे सोलापूर)*

उत्तर : बाळ, आधी एक दुरुस्ती. हा तिचा पहिला बोलता रोल. त्याआधी १९३२ मध्ये एका सिनेमात ती रांगेत उभ्या असलेल्या पोरींपैकी एक होती, नाव नाही, वाक्य नाही. ‘मुंकब्रूग्रेवेन’मध्ये ती स्टॉकहोमच्या एका साध्या हॉटेलात काम करणारी पोरगी आहे, एल्सा. सिनेमा लागला तेव्हा इन्ग्रिड १९ वर्षांची होती. तुझ्याच वयाची असेल बघ.

आता तुझा प्रश्न. उत्तर द्यायचं तर मला माझं एक जुनं पाप सांगावं लागेल.

मी नवा नवा ऑपरेटर होतो. थेटराचं नाव सांगत नाही, मालकांची मुलं अजून भेटतात. एक जुना विनोदी पिक्चर परत लावला होता. लांबी जास्त, त्यामुळं चार खेळ बसवताना रात्रीचा शेवटचा शो सुटायला फार उशीर व्हायचा. मालक वर केबिनमध्ये आले आणि म्हणाले, ‘बारा मिनिटं कमी कर.’ त्या काळी असं सर्रास चालायचं. मी एक गाणं काढलं, हिरॉइनचा रडण्याचा एक सीन काढला. तरी दीड-दोन मिनिटं कमी पडत होती. मग मला अक्कल सुचली. म्हटलं, या पिक्चरमध्ये अशा किती जागा आहेत जिथं कोणी बोलत नाही, कोणी हलत नाही, नुसते बघत उभे आहेत. त्या कापू.

हिशोब सांगतो. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात, म्हणजे दीड फूट फिल्म. तीन सेकंदांचा थांबा म्हणजे साडेचार फूट. दोन्ही हात पसरून फिल्म धरली की मधे मावते तेवढी. मात्र सगळी कापता येत नाही. फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या २० फ्रेम पुढं छापलेली असते. म्हणजे थांब्याच्या शेवटच्या सव्वा फुटात पुढच्या वाक्याची सुरुवात येऊन बसलेली असते. ती सोडून कापायचं, नाहीतर ‘नमस्कार’चा ‘स्कार’ होतो. मी उस्तादांकडं शिकलेला, तेवढं मला कळत होतं. चाळीसेक जागी सव्वातीन फूट, सव्वातीन फूट असं रात्रभर बसून कापलं आणि जोडलं. एवढ्या उपद्व्यापात वाचलं किती? दीड मिनिट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाचा शो, हाऊसफुल. ऑपरेटरच्या भिंतीला दोन चौकोनी भोकं असतात. एकातून मशीनचा उजेड जातो, दुसऱ्यातून आपण बघतो. मी डोळा लावून उभा. पहिला विनोद झाला, थेटर हसलं. हसत असतानाच पडद्यावर पुढचं वाक्य येऊन गेलं, कुणालाच ऐकू आलं नाही. थर्ड क्लासातून आवाज, ‘काय म्हणला बे?’ शेजारचा सांगायला लागला, तोवर तिसरं वाक्य गेलं. पुढच्या विनोदाला निम्मं थेटर हसलं, निम्म्यानं त्यांना ‘श्शू’ केलं. इंटरव्हलपर्यंत काय झालं माहितीय? लोक हसायचेच थांबले. पुढचं ऐकू यावं म्हणून हसू दाबून बसले. आठवडाभर ज्या पिक्चरनं खुर्च्या हलवल्या होत्या, तो त्या दिवशी भजनासारखा ऐकला गेला.

ती रिकामी जागा लोकांच्या हसण्यासाठी सोडलेली होती, आणि मी तीच कापली होती.

मूकपटात ही अडचण नव्हती. हसा किती हसायचं ते, वाक्य बुडायचा प्रश्न नाही. नाटकातही नाही, कारण नट स्टेजवर हशा ओसरेपर्यंत थांबतो आणि मग पुढचं वाक्य टाकतो. बोलपट आला आणि पंचाईत झाली. पडद्यावरचा माणूस थांबणार नाही. त्याला किती थांबायचं ते महिनोन्‌महिने आधी, रिकाम्या स्टुडिओत, कोणी हसत नसताना ठरवावं लागतं. तू पाहिलेला सिनेमा नाटकावरून घेतला होता आणि त्यातले बरेच लोक रंगभूमीवर वाढलेले. एडविन अडॉल्फसन आणि सिगुर्ड वॉलेन या दोघांनी तो दिग्दर्शित केला आणि दोघांनी त्यात कामंही केली. असल्या लोकांना हशा कुठं येतो आणि किती वेळ टिकतो हे अंगवळणी पडलेलं असतं.

आणि तू ती जागा इयरफोन घालून, एकटीनं भरायला बसलीस. कशी भरणार?

तरी बाबांचं अगदीच चुकलं नाही. सिनेमा साधाच आहे. हिऱ्यांचा चोर, त्याच्या मागावर पोलीस, अनोळखी तरुणावर संशय, तो शेवटी पेपरचा बातमीदार निघणं, हे सगळं आपल्याला पाचव्या मिनिटाला कळतं. इन्ग्रिड नसती तर आज त्याचं नावही कोणी घेतलं नसतं. पण परत एकदा बघ. चार-पाच जण जमव, भिंतीवर नाहीतर टीव्हीवर लाव, सोबत शेंगाचटणी-भाकरी असू दे. मग कळव.

प्रश्न : स्वीडनमध्ये या सिनेमांना ‘बिअरचे सिनेमे’ म्हणत असं वाचलं. म्हणजे दारूबाजांचे सिनेमे का? मुलांसोबत बघावेत की नाही?
*(एक वाचक, बार्शी)*

उत्तर : खुशाल बघा. त्यात दारू पिण्यापेक्षा दारू न मिळण्याचीच गंमत जास्त आहे.

त्यांचा शब्द ‘पिल्सनरफिल्म’. पिल्सनर म्हणजे हलकी बिअर. हे नाव कौतुकानं ठेवलेलं नाही, नाक मुरडून ठेवलेलं आहे. १९३० च्या दशकातले हलकेफुलके विनोदी सिनेमे : घरमालकीण, भाडेकरू, पोलीस, मासे विकणारी बाई आणि टेबलावर बाटली. पण ती बाटली एवढी महत्त्वाची का, हे कळायला तिथला कायदा माहीत पाहिजे. १९२२ साली स्वीडनमध्ये संपूर्ण दारूबंदीवर लोकांचं मत घेतलं. ५१ टक्के लोक ‘नको’ म्हणाले, म्हणून बंदी थोडक्यात हुकली. त्याऐवजी इव्हान ब्रात नावाच्या डॉक्टरच्या योजनेवर देश चालला. पात्र ठरेल त्याच्या नावाचं एक पुस्तक, त्याला ‘मूतबूक’ म्हणत. (मराठीत मोठ्यांदा वाचू नका.) आपल्या रेशनकार्डासारखंच. दुकानात गेलं की त्यात नोंद, ठरल्यापेक्षा जास्त नाही. बायकांना कमी, लग्न झालेल्या बाईला तर बहुतेक वेळा पुस्तकच नाही. हॉटेलात जेवण मागवल्याशिवाय ग्लास नाही. कडक बिअर बाजारात नाहीच. हे सगळं १९५५ पर्यंत चाललं.

आता सांगा, ज्या गावात नोंद केल्याशिवाय बाटली मिळत नाही, तिथं बाटलीसाठी चाललेल्या लटपटीवर लोक हसणार नाहीत तर कशावर? तुमच्याकडं बार्शीहून सोलापूरला येताना रस्त्यावर किती पाट्या दिसतात ‘परमिट रूम’च्या? प्यायला परवाना लागतो हा १९४९ चा कायदा अजून आहे, आणि परवाना किती जणांच्या खिशात आहे ते पाटी लावणाऱ्यालाही माहीत आहे. पाटीचा आणि खिशाचा मेळ बसत नाही, विनोद तिथंच आहे.

आपल्याकडं हे आचार्य अत्र्यांनी बरोब्बर ओळखलं. १९३९ मध्ये मुंबईत दारूबंदी आली आणि त्याच वर्षी मास्टर विनायकांनी अत्र्यांच्या कथेवर ‘ब्रँडीची बाटली’ काढला. दामुअण्णा मालवणकर, त्यांचे ते वेगळ्याच दिशेला बघणारे डोळे, आणि एका बाटलीसाठी वणवण. स्टॉकहोमच्या लोकांनी दामुअण्णांना पाहिलं असतं तर त्यांना भाषांतराची गरज पडली नसती.

नाक मुरडणाऱ्यांचंही सांगतो. १९३७ च्या फेब्रुवारीत ‘पान्शुनात पारादीसेत’ नावाचा असाच एक सिनेमा लागला. आपण त्याला ‘नंदनवन लॉज’ म्हणू. त्याच महिन्यात स्वीडनच्या लेखकांच्या संघटनेनं स्टॉकहोमच्या मोठ्या संगीतगृहात जाहीर सभाच घेतली. विषय काय, तर ‘स्वीडिश सिनेमा : संस्कृती की संस्कृतीला धोका?’ मोठमोठे लोक तावातावानं बोलले. सगळं चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. एकाच साच्यातून गणपती काढावेत तसे सिनेमे निघत होते हे खरंच. पण मी आयुष्यभर थेटरच्या मागच्या भोकातून लोकांच्या डोक्यांकडं बघितलंय. बारा तासांची पाळी करून आलेला माणूस तीन तास डोकं टेकून हसतो, तेव्हा त्यातून संस्कृतीला नेमका कुठं खड्डा पडतो हे मला कधी दिसलं नाही. त्या सभेतली भाषणं आज कोणी वाचत नसेल. ‘नंदनवन लॉज’ मात्र पुढं स्वीडिश टीव्हीवर वर्षानुवर्षं दाखवला गेला.

प्रश्न : स्वीडनची लोकसंख्या ती किती, भाषा ती केवढीशी! बोलपट आल्यावर असल्या छोट्या भाषांचं काय झालं? आणि भाषा येत नसताना आपण हे सिनेमे बघायचे तरी कसे?
*(निवृत्त शिक्षक, अक्कलकोट)*

उत्तर : गुरुजी, तुमच्या गावात सकाळी कानडीत बोलून संध्याकाळी मराठीत भांडतात, आणि तुम्ही मला हे विचारता!

मूकपटाला भाषा नव्हती. मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या बदलल्या की स्वीडनचा सिनेमा जगभर चालायचा, आणि १९२० च्या आसपास तो जगात नावाजलेला होता. आवाज आला आणि दार बंद झालं. अमेरिकेच्या पॅरामाउंट कंपनीनं त्यावर तोडगा काढला. पॅरिसजवळ ज्वॅनव्हीलला स्टुडिओ घेतला आणि एकच गोष्ट, एकच सेट, वेगवेगळ्या भाषांचे नट आळीपाळीनं उभे करून सिनेमे काढायला सुरुवात केली. फ्रेंच उठले की स्वीडिश बसले. १९३० मध्ये स्वीडिश भाषेतला एक अगदी सुरुवातीचा बोलपट असा पॅरिसमध्ये तयार झाला. कारखान्यासारखं काम, आणि मालही तसाच. दोन-तीन वर्षांत तो उद्योग थंडावला.

आपल्याकडं काय वेगळं चाललं होतं? आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. पुढच्या वर्षी ‘प्रभात’नं ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा काढला. १९३१ च्या ‘कालिदास’मध्ये तर एकाच सिनेमात तमिळ, तेलुगू आणि हिंदी बोलतात. आपल्या सोलापूरकरांना त्यात काही वेगळं वाटलं नसतं. आमच्या गल्लीत एक वाक्य तीन भाषांतून फिरून येतं. बाकी, स्वीडनमध्ये पहिले बोलपट निघत होते त्या १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला होता. म्हणजे तिकडं पडदा बोलायला लागला आणि इकडं रस्त्यावर बोलायची चोरी.

छोट्या भाषेचा फायदाही झाला. फ्रिदॉल्फ रूदिन नावाचा एक विनोदी नट होता, वेर्मलांड या जिल्ह्यातला. आवाज आल्यावर त्याच्या खेडवळ बोलीनं सगळा देश डोक्यावर घेतला. मूकपटात बोली कुठून ऐकू येणार? आपलं ‘काय करलालास बे’ पडद्यावर ऐकलं की पोरं शिट्ट्या मारतात, तसंच. बिचारा १९३५ मध्ये, चाळिशी गाठायच्या आधीच वारला.

भाषा येत नसताना कसं बघायचं, ते माझ्या शेजाऱ्यांकडून शिका. मामा, वय ऐंशीच्या घरात, घरची भाषा तेलुगू. चाळीस वर्षं यंत्रमागावर काढली. धोट्याच्या खटखटीत कान गेले, दोन्ही. पण कारखान्यात सगळेच असे असतात. ते ओठांवरून बोलणं वाचतात आणि हातानं उत्तर देतात. ‘चहा’, ‘मालक आला’, ‘तार तुटली’, सगळं हातावर. मी ‘मुंकब्रूग्रेवेन’ घरी लावला तेव्हा मामा सहज येऊन बसले. त्यांना आवाज नको, सबटायटल वाचता येत नाही, स्वीडन कुठं आहे ते ठाऊक नाही. आणि हा माणूस माझ्याआधी हसत होता. मी खालची ओळ वाचून हसेपर्यंत त्यांचं हसून झालेलं असायचं.

मधेच त्यांनी माझा गुडघा दाबला आणि इन्ग्रिडकडं बोट दाखवलं. म्हणाले, ‘ही पोरगी नाटकातली नाही.’ मी ओरडून विचारलं, कशावरून? तर म्हणाले, ‘बाकीचे तोंड मोठं उघडून बोलतात. लांबच्या माणसाला दिसावं तसं. ही जवळच्या माणसाशी बोलते.’

तशी ती नाट्यशाळेतच शिकायला गेली होती, स्टॉकहोमच्या राजेशाही रंगभूमीच्या. पण मामा बोलले त्यात खोट नाही. बाकीचे जण शेवटच्या रांगेसाठी बोलत होते आणि तिला समोरचा कॅमेरा पुरत होता. पुढच्याच वर्षी, १९३६ ला, ‘इंटरमेझो’मध्ये ती नायिका झाली आणि १९३९ ला अमेरिकेनं तिला बोलावून घेतलं. सिनेमावर चाळीस वर्षं लिहिणाऱ्यांना जे सांगायला पानंच्या पानं लागतात, ते मामांनी गुडघा दाबून सांगितलं. गुरुजी, तुम्ही आवाज बंद करून पहिली वीस मिनिटं बघा. मग आवाज लावा.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत तीन गोल डबे सापडले. आत फिल्म आहे. आजोबांची टूरिंग टॉकीज होती. डबे माळ्यावर आहेत. एक उघडून बघितला तर फिल्म चिकट झालीय, कडेला तपकिरी भुकटी. उन्हात वाळवू का?
*(एक वाचक, पंढरपूर)*

उत्तर : वाळवू नका! माळ्यावरही ठेवू नका. तुमचं पत्र अकरांतलं सगळ्यात छोटं, पण वाचल्यावर मी उठून उभा राहिलो.

जुनी फिल्म नायट्रेटची असते. १९५० च्या सुमारापर्यंत तीच वापरात होती. नीट राहिली तर चित्र असं चकाकतं की आजची फिल्म तिच्यापुढं फिकी. पण कुजायला लागली की आधी चिकट होते, मग भुकटी, आणि त्या अवस्थेत गरमीनं आपोआप पेटू शकते. एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवते. १९४१ साली स्टॉकहोमजवळ स्वीडिश सिनेमांच्या मूळ फिल्म ठेवलेल्या ठिकाणी स्फोट झाला आणि त्यांचे कितीतरी मूकपट कायमचे गेले. आपल्या पुण्यात ८ जानेवारी २००३ ला आग लागली, त्यात कितीतरी जुने सिनेमे गेले. तुमचा माळा पत्र्याचा असणार, आणि पंढरपूरचा उन्हाळा मी तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा असं करा. फिल्मच्या कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलंय का बघा. बघताना विडी, निरांजन, गॅस काही जवळ नको. छापलं असेल तर घाई नाही. नसेल तर डबे घराबाहेर, सावलीत, हवा लागेल अशा जागी ठेवा, एकमेकांवर रचू नका, झाकणं घट्ट लावू नका. उलगडायचा तर प्रयत्नही करू नका, तुकडे पडतील. आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आजच कळवा. टपालानं किंवा एसटीनं स्वतः पाठवू नका, ते न्यायचं कसं ते तेच सांगतील.

डब्यांवर काही लिहिलंय का, ते मात्र मला कळवा. टूरिंगवाले झाकणावर खडूनं लिहून ठेवायचे : कुठल्या जत्रेत लावला, किती दिवस चालला. विनोदी असेल आणि मधली एखादी जोड उगाच कापलेली दिसली, तर त्यात माझा हात नाही. मी तेव्हा जन्मलो नव्हतो.